५००० पक्ष्यांच्या शेडला थंडीत किती उष्णता, उन्हाळ्यात किती हवा? हिशेब कसा मांडायचा?

घोडनदी_पोल्ट्री

नमस्कार मंडळी. शेड शिरूर तालुक्यात आहे, ब्रॉयलर, ५००० पक्षी. मापं अशी: लांबी २०० फूट, रुंदी ३० फूट, लांबी पूर्व-पश्चिम. कडेची उंची ८ फूट, वर साधा जीआय पत्रा, मधे १३ फूट. दोन्ही बाजूंना दीड फुटाची वीटभिंत, वर जाळी आणि एकेरी पडदा. आतलं छत नाही. ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं) पहिल्या ६० फुटांत करायचं आहे.

दोन प्रश्न आहेत. डिसेंबरच्या बॅचला किती किलोवॅटचे ब्रूडर (ऊब देणारे हीटर) लागतील? आणि एप्रिल-मेसाठी पॅड (हवा गार करणारे ओले कागदी पडदे) आणि पंखे बसवायचे तर किती? एक विक्रेता पक्ष्यांच्या संख्येवर आकडा सांगतो, दुसरा शेडच्या फुटांवर, आणि दोघांत दुपटीचा फरक पडतो. हिशेब पायरीपायरीने कळला तर बरं.

तूसभुसा

जुना ठोकताळा असा: उन्हाळ्यात पिल्लामागे १ वॅट, थंडीत २ वॅट. ५००० पिल्लांना १० किलोवॅट. छत्रीखाली बल्ब, भोवती चिकगार्ड (पिल्लं लांब जाऊ नयेत म्हणून गोल कुंपण), खाली दोन-अडीच इंच भाताचा तूस. खेडोपाडी वर्षानुवर्षं असंच चालतं.

उष्मागणित

तूसभुसा यांचा आकडा चुकीचा नाही, पण तो वेगळ्या पद्धतीचा आहे. २ वॅटमध्ये फक्त छत्रीखालची जागा तापते, खोली तापत नाही. खोली तापवायची तर पिल्लं मोजून उपयोग नाही. भिंत, छत आणि हवा मोजावी लागते.

आधी तापमानातला फरक ठरवा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. शिरूर-दौंड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंश धरा. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांची नोंद आहे, पण अशा एखाद्या रात्रीसाठी यंत्रणा उभी करायची नसते. आणि एक सांगतो, शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा तुमच्या शेडचा नसतो. उघड्या माळावर, नदीच्या खोलगट भागात पहाट शहरापेक्षा गार असते. शेडच्या बाहेर सावलीत साधा कमाल-किमान तापमापक टांगा आणि तोच आकडा वापरा. आपण इथे आत ३२, बाहेर १०, म्हणजे २२ अंश फरक धरू.

आता उष्णता बाहेर कुठून जाते ते पाहू. सूत्र एकच: क्षेत्रफळ (चौरस मीटर) गुणिले एका अंशामागे दर चौरस मीटरला जाणारे वॅट, गुणिले तापमानातला फरक. यातला मधला आकडा असा धरा: एकेरी पडदा ६, मधे चार बोटं हवेची पोकळी ठेवून लावलेला दुहेरी पडदा ३, नुसता जीआय पत्रा ७, पत्रा आणि खाली पडद्याचं छत मिळून ३.

भिंती: ६०+६०+३०+३० = १८० फूट परिघ, उंची ८ फूट, म्हणजे १४४० चौरस फूट, १३४ चौरस मीटर. उरलेल्या शेडकडचा आडवा पडदाही मोजला आहे, कारण पलीकडे बाहेरच्याइतकीच थंडी असते. एकेरी पडद्यात १३४ × ६ × २२ = १७.७ किलोवॅट.

छत: १८०० चौरस फूट, म्हणजे १६७ चौरस मीटर. ८ फुटांवर पडद्याचं छत बांधलं तर १६७ × ३ × २२ = ११ किलोवॅट. नाही बांधलं तर उताराचा पत्रा १८४ चौरस मीटर भरतो आणि १८४ × ७ × २२ = २८ किलोवॅट जातात. म्हणजे फक्त ताडपत्रीच्या छताने १७ किलोवॅट वाचतात, तुमच्या दहा किलोवॅटच्या बल्बांपेक्षा जास्त.

जमिनीची कड: परिघ ५५ मीटर, मीटरमागे अंशाला सव्वा-दीड वॅट, सुमारे १.६ किलोवॅट.

हवा: पहिल्या आठवड्यात पिल्लामागे किमान ०.१ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). ५००० पिल्लांना ५०० सीएफएम, म्हणजे तासाला ८५० घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंश तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात, म्हणून ०.३३ × ८५० × २२ = ६.२ किलोवॅट.

बेरीज, आतलं छत धरून: १७.७ + ११ + १.६ + ६.२ = ३६.५ किलोवॅट. पिल्लांची स्वतःची ऊब पहिल्या दिवशी सोडून द्या. ४२ ग्रॅमचं पिल्लू जेमतेम १ वॅट देतं आणि त्यातलाही बराच भाग वाफेच्या रूपात जातो. सातव्या दिवशी १८० ग्रॅमला ३ वॅट होतात, चौदाव्या दिवशी ४८० ग्रॅमला ६ वॅट. तेव्हा ५००० पक्षी मिळून ३० किलोवॅट, त्यातला निम्मा खोली तापवायला मिळतो. म्हणून खरी ओढाताण पहिल्या आठ-दहा दिवसांची.

आता १० किलोवॅटच्या बल्बांनी काय होतं ते याच आकड्यांवरून काढा. या खोलीतून एका अंशामागे सुमारे १.६६ किलोवॅट जातात. १० भागिले १.६६ म्हणजे ६ अंश. बाहेर १० असताना खोली १६ ला थांबते. छत्रीखाली ठीक, पण छत्रीच्या बाहेर ठेवलेल्या खाद्याकडे पिल्लू जात नाही. ढीग करून बसतं आणि पहिल्या आठवड्याचं वजन तिथेच बुडतं.

घोडनदी_पोल्ट्री

म्हणजे ४० किलोवॅटचे गॅस ब्रूडर घेतले तर झालं ना? ब्रूडरवर बीटीयू लिहिलेलं असतं, ते किलोवॅटमध्ये कसं करायचं?

उष्मागणित

१ किलोवॅट म्हणजे ३४१२ बीटीयू प्रतितास, किंवा ८६० किलोकॅलरी. ४०,००० बीटीयूचा ब्रूडर पावणेबारा किलोवॅटचा.

पण गॅसला ३६.५ चा आकडा पुरत नाही. या जागी बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गॅस ब्रूडरला धुराडं नसतं. जळलेलं सगळं शेडमध्येच राहतं. १ किलो एलपीजी जळला की १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते, पण सोबत ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. आत कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३००० भाग) वर जाऊ द्यायचा नाही, बाहेरच्या हवेत तो साधारण ४५० असतो. म्हणजे हवेच्या प्रत्येक घनमीटरला जेमतेम अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर नेता येतो.

३६.५ किलोवॅटला तासाला २.८५ किलो गॅस, त्यातून ४.७ घनमीटर कार्बन डायऑक्साइड, पिल्लांचा ०.९ धरून ५.६. तो बाहेर काढायला तासाला २२०० घनमीटर हवा हवी. आपण धरली होती ८५०. जास्त हवा म्हणजे ती तापवायला जास्त गॅस, जास्त गॅस म्हणजे आणखी कार्बन डायऑक्साइड, आणि पुन्हा जास्त हवा. हे चक्र जिथे स्थिर होतं तो आकडा ५२ किलोवॅट आणि ३००० घनमीटर. तासाला ४.१ किलो गॅस.

आता याच शेडला दुहेरी पडदा लावून बघा. भिंतीतून जाणारी उष्णता १७.७ वरून ८.८ होते, बचत ८.९ ची. पण गॅसचं चक्रही लहान होतं आणि एकूण आकडा ५२ वरून ३८ किलोवॅटवर येतो. पडद्याने वाचवलेल्या प्रत्येक किलोवॅटमागे ब्रूडरचे १.६ किलोवॅट वाचतात. तासाला ४.१ ऐवजी ३ किलो गॅस. चौथा-पाचवा ब्रूडर घेण्याआधी दुसरा पडदा आणि आतलं छत घ्या, एवढंच सांगणं आहे.

हा पहाटेचा, सगळ्यात वाईट तासाचा आकडा आहे. दुपारी बाहेर २८-२९ होतं, त्यामुळे दिवसभराची सरासरी यातल्या साठ टक्क्यांच्या आत राहते. दुहेरी पडद्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत १९ किलोचे रोज दोन सिलिंडर, त्यानंतर खप उतरत जातो.

पशुवैद्य_हडपसर

वरचा मुद्दा पिल्लांच्या बाजूने सांगते. गॅस वाचवायला पडदे गच्च बंद केले की पहिल्या आठवड्यात पिल्लं सुस्त होतात, खाद्य घेत नाहीत, पुढे चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटात पाणी होऊन मरतूक वाढते. लोक औषधं शोधत बसतात आणि मूळ असतं ब्रूडिंगच्या कोंडलेल्या हवेत. तुसाला ओल आली की अमोनिया चढतो. तो २० पीपीएमच्या आत हवा. माणसाच्या डोळ्यांना चुरचुर जाणवली तर तो मर्यादेबाहेर गेलेला आहे असं समजा, आणि वास घ्यायचा तो पिल्लाच्या उंचीला, वाकून.

धुराड्याची कोळशाची बुखारी असेल तर ज्वलनाचा वायू बाहेर जातो, तिथे वरचा ३६.५ चा हिशेब लागू होतो. मात्र बुखारीची बरीच उष्णता धुराड्यातून जाते, तेवढी जास्त धरा. उघडी कोळशाची शेगडी मात्र बंद पडद्यात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्लं तर जातातच, पण रात्री राखणीला आत झोपलेल्या माणसाचाही जीव जातो. ही गोष्ट प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगा.

तापमान बरोबर आहे की नाही हे पिल्लाकडूनच कळतं. पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर हवा ३२ असली तरी तूस थंड आहे. तूस ३० ते ३२ वर यायला पिल्लं येण्याआधी किमान २४ तास, डिसेंबरात ४८ तास ब्रूडर चालू ठेवावे लागतात, कारण खालचा कोबा उष्णता पीत राहतो. पिल्लांच्या गुदद्वाराचं तापमान ४० ते ४०.६ अंश हवं, कानात घालायचा साधा तापमापक त्याला चालतो. आणि २४ तासांनी पोटा (गळ्याखालची खाद्याची पिशवी) चाचपा. शंभरातल्या पंचाण्णव पिल्लांचा पोटा मऊ भरलेला लागला पाहिजे.

तूसभुसा

गॅसवाल्यांसाठी एक भर. १९ किलोचा एक सिलिंडर पहाटेच्या थंडीत सलग अर्धा-पाऊण किलोपेक्षा जास्त गॅस देत नाही. त्याच्यावर बाहेरून दव येतं, मग बर्फ धरतो आणि ज्योत बसते. ब्रूडर खराब झाला असं वाटतं. तासाला ३ किलो हवे असतील तर पाच-सहा सिलिंडर एका पाइपला जोडायचे, शेडच्या बाहेर, उन्हाचा कवडसा मिळेल अशा बाजूला. बर्फ वितळवायला गरम पाणी किंवा शेगडी जवळ आणायची नाही. घरगुती लाल सिलिंडर लावू नका, ते नियमातही बसत नाही.

रबरी नळ्यांना दर बॅचला साबणाचं पाणी लावून गळती बघा. उंदीर नळी कुरतडतात.

उष्मागणित

दुहेरी पडद्याबद्दल एक: दोन पडदे एकमेकांना चिकटले की पोकळी जाते आणि तो पुन्हा एकेरीच राहतो. मधे लाकडी पट्टी किंवा पाइप घालून चार इंच अंतर कायम ठेवा. पडद्याची वरची कड पत्र्याखाली वीतभर आत आणि खालची कड वीटभिंतीवर एक फूट खाली उतरलेली हवी. पहाटे वारा नसताना अगरबत्ती पेटवून कडेकडेने फिरवा. धूर जिथे आत ओढला जातो तिथे फट आहे. गळतीची हवा आणि हवी असलेली हवा यात फरक आहे: गळतीची हवा खालून थेट पिल्लांवर येते, झरोक्याची हवा वरून येऊन गरम हवेत मिसळून खाली उतरते.

घोडनदी_पोल्ट्री

खूप स्पष्ट झालं. आतलं छत आणि दुहेरी पडदा ठरला. आता उन्हाळ्याचं सांगा. पक्षी ३५ दिवसांचा, २ किलोचा धरा.

पंखे_आणि_पॅड

उन्हाळ्यात तीन आकडे काढायचे: पक्ष्यांची उष्णता, पत्र्याची उष्णता, आणि अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग. शेवटी यातला जो सगळ्यात जास्त हवा मागेल त्यावर पंखे ठरतात.

पक्षी: पक्ष्याची एकूण उष्णता १०.६ गुणिले किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात. २ किलोला हे १७.८ वॅट होतात, ५००० पक्ष्यांना ८९ किलोवॅट. यातला निम्मा भाग हवा तापवतो, निम्मा धाप टाकताना वाफ होऊन जातो. हवा तापवणारे ४५ किलोवॅट धरा.

पत्रा: मेच्या दुपारी नुसता जीआय पत्रा ६० अंशांना जातो. पत्र्याखालून दर चौरस मीटरला अंशामागे ६ वॅट आत येतात. आतली हवा ३० असेल तर चौरस मीटरला १८० वॅट. तुमचा पूर्ण पत्रा ६१३ चौरस मीटर, म्हणजे ११० किलोवॅट. पाच हजार पक्षी मिळून जेवढी हवा तापवतात त्याच्या अडीचपट नुसता पत्रा तापवतो! पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) पॅनेल टाकलं तर हाच आकडा ११ च्या आसपास येतो. पांढरा परावर्तक रंग दिला तर पत्रा दहा-पंधरा अंशांनी उतरतो, आणि ब्रूडिंगसाठी बांधलेलं छत शेडभर वाढवलं तर ते उन्हाळ्यातही कामाला येतं. फक्त वरच्या पोकळीतली गरम हवा जायला दोन्ही टोकांना झरोके हवेत. चुना सिमेंटच्या पत्र्यावर द्या. जीआयवर तो जस्त खातो, तिथे रंगच द्या.

कडेचे पडदे: टनेलमध्ये (एका टोकाला पॅड, दुसऱ्या टोकाला पंखे असलेल्या बंद शेडमध्ये) ते बंद असतात, त्यांतून आणखी सुमारे २१ किलोवॅट.

पफ किंवा तसं छत धरून बेरीज ४५ + ११ + २१ = ७७ किलोवॅट. हवेचं सूत्र वर उष्मागणित यांनी दिलं तेच, फक्त ०.३३ ऐवजी ०.३० घ्या. ०.३३ हा समुद्रसपाटीचा आणि गार हवेचा आकडा आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यात उन्हाळ्याची हवा विरळ, म्हणून तेवढ्याच हवेत कमी उष्णता मावते. थंडीत ०.३३ घेतला तर चूक सुरक्षित बाजूला पडते, उन्हाळ्यात घेतला तर पंखे कमी पडतात.

पॅडपासून पंख्यापर्यंत हवा ३ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही. ७७,००० भागिले (०.३० × ३) = ८५,६०० घनमीटर तासाला, म्हणजे सुमारे ५०,००० सीएफएम.

आता वेग. २ किलोच्या ब्रॉयलरला अंगावर २.५ मीटर सेकंदाला, म्हणजे मिनिटाला ५०० फूट वारा हवा. छत ८ फुटांवर असेल तर छेद ३० × ८ = २४० चौरस फूट, गुणिले ५०० = १,२०,००० सीएफएम. उष्णतेच्या हिशेबापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून पंखे वेगावर ठरतात. छत नसेल तर छेद ३०० च्या वर जातो आणि तेवढ्याच वेगाला दीड लाख सीएफएम लागतात, म्हणजे छतामुळे दीड-दोन पंखे वाचतात.

५० इंची पंख्याच्या पत्रकावर २५,००० सीएफएम लिहिलेलं असतं, ते मोकळ्या हवेतलं. पॅड, झडपा, जाळी यांचा ओढा पडल्यावर २०,००० च धरा. १,२०,००० भागिले २०,००० = ६ पंखे, दीड अश्वशक्तीचे. पट्टा ढिला पडला किंवा झडपेवर पिसांचा थर बसला की प्रत्येक पंखा आणखी खाली जातो, आणि आवाजावरून ते कळत नाही. फिरणाऱ्या पात्याचा छोटा वेगमापक घेऊन दर बॅचला शेडच्या मधोमध, पक्ष्याच्या उंचीला वेग मोजा.

पॅड: ६ इंच जाडीच्या कागदी पॅडमधून मिनिटाला ३५० फुटांपेक्षा जोरात हवा ओढू नये. १,२०,००० भागिले ३५० = ३४३ चौरस फूट. ५ फूट उंच पॅड घेतला तर दोन्ही बाजूंना ३४-३४ फूट. ४ इंची पॅड घेतला तर वेग २५० फूट आणि क्षेत्रफळ ४८० चौरस फूट. विक्रेता ४ इंची पॅड ६ इंचीच्या मापात देत असेल तर घेऊ नका.

घोडनदी_पोल्ट्री

पॅडने प्रत्यक्षात किती अंश उतरतात? आणि पाणी? आमच्याकडे एप्रिलनंतर टँकर लागतो.

पंखे_आणि_पॅड

उतार हवेच्या कोरडेपणावर असतो. तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून वारा दिला की जो आकडा येतो तो ओला बल्ब. चांगला पॅड कोरड्या आणि ओल्या बल्बमधल्या फरकाच्या ७५ टक्के उतार देतो. मेमध्ये दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओला बल्ब साडेबावीस येतो. फरक साडेसतरा, त्याचे ७५ टक्के १३. पॅडमागे २७ अंश मिळतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ३२ अंश आणि ७० टक्के असतील तर ओला बल्ब साडेसत्तावीस. उतार फक्त साडेतीन अंश आणि आतली आर्द्रता नव्वदच्या वर. तेव्हा पॅडचं पाणी बंद करून नुसता वारा द्या. धाप टाकणाऱ्या पक्ष्याला वाफ बाहेर टाकायला जागाच उरत नाही.

पाणी: १३ अंशांच्या उताराला किलोभर हवेत ५.४ ग्रॅम पाणी मुरतं. १,२०,००० सीएफएमला तासाला साधारण ११५० लिटर. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचू नयेत म्हणून दहा-वीस टक्के पाणी सोडून द्यावं लागतं. दुपारचे सहा तास चालवलं तर ८,००० लिटर. पक्ष्यांचं पिण्याचं वेगळं: उन्हात पक्षी रोज अर्धा लिटरच्या वर पितो, ५००० ला अडीच हजार लिटर. म्हणजे दिवसाला एक १०,००० लिटरचा टँकर. ही सोय नसेल तर पॅडवर पैसे घालण्याआधी शेततळ्याचा किंवा टाकीचा विचार करा.

पंपाने पॅडवर मिनिटाला सुमारे २०० लिटर पाणी फिरलं पाहिजे, खालचा हौद दीड हजार लिटरचा. पाणी कमी फिरलं की पॅडवर कोरडे पट्टे दिसतात आणि त्या पट्ट्यांतून ४० अंशांची हवा सरळ आत येते. दहा टक्के हवा जरी अशी कोरडी आली तरी २७ चे २८.३ होतात. पॅडच्या चौकटीभोवतीच्या फटीही तेवढ्याच महागात पडतात. रात्री पंप बंद करून पॅड पूर्ण वाळू द्या, नाहीतर शेवाळ धरतं.

मावळी_पाऊस

आमच्याकडे वडगाव-कामशेतच्या बाजूला उन्हाळ्यापेक्षा जुलै-ऑगस्टचा हिशेब अवघड. पावसात लोक पडदे चढवून ठेवतात. ५००० मोठे पक्षी दिवसाला दीड हजार लिटर पाणी पितात, त्यातलं १२०० लिटर तरी तुसात आणि हवेत येतं. तासाला ५० लिटर. बाहेर २५ अंश, ९० टक्के असेल आणि आत २८ ला ८५ टक्के ठेवायचं असेल तर दर घनमीटर हवेतून फक्त अडीच ग्रॅमच पाणी बाहेर जातं. म्हणजे तासाला २०,००० घनमीटर हवा लागतेच. पडदा वरून दीड फूट उघडा ठेवा, आणि पत्रा भिंतीबाहेर निदान साडेतीन फूट आलेला हवा. त्याशिवाय झडीत पडदा उघडता येत नाही. तुसाची मूठ वळून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली.

लेयर_इंदापूर

पिंजऱ्यातल्या लेयरला (अंड्यांच्या कोंबडीला) वेगळा आकडा: दीड किलोच्या कोंबडीला अंडी धरून सुमारे १० वॅट. दहा हजारांना ९८ किलोवॅट. बाकी पद्धत हीच.

आणखी एक. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रता यांची बेरीज १६० च्या आत असली की धोका नाही, असं सर्रास सांगतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते फसवं आहे. ४० अंश म्हणजे १०४, अधिक २० = १२४. नियमाने सुरक्षित, पण उघड्या शेडमध्ये पक्षी चोच उघडून पंख पसरून बसलेला असतो. हा नियम दमट हवेसाठी पाळा.

घोडनदी_पोल्ट्री

पाणी आणि वीज पाहता यंदा टनेल झेपणार नाही. शेड उघडंच ठेवायचं तर काय क्रमाने करू?

उष्मागणित

पत्र्यावर परावर्तक रंग आणि शेडभर आतलं छत आधी. ११० किलोवॅट तिथे आहेत. पत्र्यावर फवारे असतील तर ते दुपारी चालवा, पण गळकं पाणी तुसात उतरणार नाही अशी पन्हळ हवी. उसाचं पाचट वर टाकणार असाल तर ते बांधून ओलं ठेवा, कोरडं पाचट आणि वायरिंग एकत्र आलं की आग लागते. उंदीरही होतात.

मग वारा. ३६ इंची पंख्याचा झोत चाळीसेक फूट उपयोगी असतो. २०० फुटांना एका ओळीत पाच, ३० फूट रुंदीला दोन ओळी, एकूण दहा पंखे, सगळे एकाच दिशेला तोंड करून. समोरासमोर लावले तर मधला पट्टा मेलेला राहतो आणि नेमके तिथले पक्षी जातात.

फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारे नोझल) सगळ्यात शेवटी. १ लिटर पाणी पूर्ण उडालं तर ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेतं. पक्ष्यांच्या ४५ किलोवॅटसाठी तासाला ६७ लिटर उडालं पाहिजे. कमी दाबाच्या फॉगरचा निम्मा थेंब खाली पडतो, म्हणून १३० लिटर सोडावे लागतात आणि ६५ लिटर तुसात जातात. पंखे चालू नसताना फॉगर लावू नका. आर्द्रता ६० च्या वर गेली की बंद. एक मिनिट चालू, पाच मिनिटं बंद, असा टायमर लावा.

पशुवैद्य_हडपसर

उघड्या शेडला खाद्याची वेळही हिशेबात धरा. खाल्ल्यावर पक्ष्याची उष्णता वाढते आणि ती चार-पाच तास टिकते. सकाळी १० ते संध्याकाळी ५ खाद्याची भांडी वर उचला, पाणी मात्र गार आणि भरपूर. छतावरच्या टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा, नाहीतर दुपारी नळातून कोमट पाणी येतं आणि पक्षी पाणी सोडतो.

पंखे_आणि_पॅड

पुढच्या वर्षी टनेल केलंत तर विजेचं आत्ताच ठरवून ठेवा. सहा पंखे मिळून ९ अश्वशक्ती, शिवाय पंप. एकदम सुरू केले तर जनरेटर दबतो, म्हणून एकामागून एक पाच-पाच सेकंदांनी चालू होणारी जोडणी करा, मग १५ केव्हीए पुरतो. शेतीच्या फिडरवर थ्री फेज चोवीस तास असतोच असं नाही.

बंद शेडमध्ये पंखे थांबले तर किती वेळ मिळतो, हेही मोजता येतं. आत १३५० घनमीटर हवा, पक्षी ४५ किलोवॅट टाकतात: हवा मिनिटाला पावणेदोन अंशांच्या वेगाने तापायला लागते, आणि आर्द्रता त्याच्या आधी चढते. दहा मिनिटांत पक्षी जायला लागतात. जनरेटर आपोआप सुरू होणारा असला तरी वीज गेल्यावर बॅटरीवर वाजणारा भोंगा माणसाच्या उशाशी हवा, आणि पडद्याची दोरी विजेच्या चुंबकाने अशी धरलेली की वीज जाताच पडदा स्वतःच्या वजनाने खाली पडेल. महिन्यातून एकदा मुख्य स्विच मुद्दाम पाडून बघायचं. पडद्याच्या कप्प्या गंजून अडकलेल्या असतात.

घोडनदी_पोल्ट्री

मापं घेऊन रंग, छत आणि दुहेरी पडद्याचं अंदाजपत्रक काढतो. तापमापक किती आणि कुठे टांगू?

उष्मागणित

ब्रूडिंगच्या ६० फुटांत चार: दोन टोकांना, एक मधे, एक आडव्या पडद्याजवळ. सगळे तुसापासून दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, ब्रूडरच्या थेट झळीपासून दूर. टांगण्याआधी चारही एका बादलीत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि कोणता किती चुकतो ते त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवा. दोन अंशांची चूक सहज निघते.